गाईडच्या पेन्सिलीची रेघ

दुकान टाकून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सोलापुरात विजापूर रोडला दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि उन्हाळ्यात पंखा लावला की कागद उडायचे म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर ठेवायला शहाबादी फरशीचे तुकडे. एक झूलॉजीचा मुलगा नान्नजच्या माळढोक पक्ष्यावरचा इंग्लिश प्रबंध टाईप करायला घेऊन आला, सगळा हाताने लिहिलेला, गाईडनी पेन्सिलीने तपासलेला, आणि पानापानावर काही शब्दांखाली बारीक रेघ मारलेली. मी काय केलं, जिथे जिथे रेघ दिसली तिथे तिथे शब्द सिलेक्ट करून कंट्रोल यू, म्हणजे अंडरलाइन. एकशे ऐंशी पानं. रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून.

प्रिंट गेल्यावर दोन दिवसांनी गाईड सर स्वतःच आले. रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, ती रेघ वाचणाऱ्यासाठी नव्हती ओ, तुमच्यासाठी होती."

त्या एका वाक्यात सगळं आलंय खरं तर, पण मला ते नीट कळायला पुढची बरीच वर्षं गेली. आता दर वर्षी सिनॉप्सिस आणि थिसिसच्या सीझनला पोरंपोरी येतात आणि तेच तेच विचारतात, ताई हे बोल्ड करू का, ह्याला अंडरलाइन देऊ का, इथे कॅपिटल येईल का, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच ठेवू.

तर ती रेघ. छापखान्यात जेव्हा खिळे जुळवून मजकूर छापायचे तेव्हा हस्तलिखितात शब्दाखाली एक रेघ म्हणजे जुळाऱ्याला सूचना, की बाबा हा शब्द इटॅलिकमधे, म्हणजे तिरक्या अक्षरात, जुळव. दोन रेघा म्हणजे स्मॉल कॅपिटल, म्हणजे लहान उंचीची कॅपिटल अक्षरं, तीन रेघा म्हणजे पूर्ण कॅपिटल, आणि नागमोडी रेघ म्हणजे बोल्ड. छापून आलेल्या पुस्तकात रेघ कुठेच दिसायची नाही, तिथे तिरका शब्द दिसायचा. पुढे टाईपरायटर आले, त्यात तिरकी अक्षरं नव्हतीच, मग लोक शब्द टाईप करून गाडी मागे घ्यायचे आणि खालची रेघ ठोकायचे, इटॅलिकची बदली म्हणून. म्हणजे कॉम्प्युटरवर बसून आपण जेव्हा पुस्तकाच्या नावाखाली रेघ मारतो तेव्हा टाईपरायटरची अडचण उगाच पुढे ओढत असतो. इंग्लिश साहित्याचे विद्यार्थी जी एमएलएची, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, पद्धत वापरतात त्यांनीसुद्धा २००९ च्या सातव्या आवृत्तीत अंडरलाइन सोडून इटॅलिक घेतलं. तरी अजून जुन्या नोट्सवरून शिकलेले लोक रेघच मागतात. हाताने पेपर लिहिताना मात्र रेघच मारायची, कारण हाताने तिरकं आणि सरळ ह्यातला फरक दाखवता येत नाही, तिथे ती रेघ अजून तिचं खरं काम करते.

आणि आता तर स्क्रीनवर रेघ म्हणजे लिंक. पीडीएफमधे शब्दाखाली रेघ दिसली की माणूस त्यावर बोट दाबून बघतो. हे एक कारणसुद्धा पुरेसं आहे माझ्या मते.

इटॅलिकचा जन्म इटलीतला, नावातच आहे. व्हेनिसमधला छापखानेवाला आल्डुस मानुत्सियो, त्याच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो नावाच्या कारागिराने हस्ताक्षराच्या वळणाचे तिरके खिळे केले आणि १५०१ साली व्हर्जिलच्या कवितांचं छोटं पुस्तक अख्खंच्या अख्खं त्या अक्षरात छापलं. जोर द्यायला वगैरे अजिबात नाही, पुस्तकाचं अक्षरच ते. गंमत बघा, त्या पहिल्या इटॅलिकमधे कॅपिटल अक्षरं सरळच उभी होती, फक्त लहान अक्षरं तिरकी. सरळ मजकुरात मधेच एखादा शब्द वेगळा दाखवायला तिरकं वापरायचं ही सवय नंतर लागली. आणि इंग्लिश वगैरे भाषांना तिची गरजही होती.

गरज म्हणजे काय ते सांगते. इंग्लिशमधे "मी पैसे दिले" ह्या वाक्यात मी वर जोर द्यायचा असेल तर शब्द काही बदलत नाही, बोलताना आवाज चढवायचा आणि लिहिताना शब्द तिरका करायचा. आपल्याकडे काय आहे? मीच पैसे दिले. मी पैसेच दिले. मी पैसे दिलेच. मी तर पैसे दिले. पैसे मीही दिले. पैसे दिले ते मी. एवढं सगळं अक्षर सरळ ठेवून होतं! आपला च हेच आपलं इटॅलिक आहे, आणि तो इतका नेमका आहे की ज्या शब्दाला चिकटेल त्याच शब्दाचा जोर वाढतो. मराठी प्रबंधात पोरं अर्धी अर्धी वाक्यं बोल्ड करून आणतात तेव्हा मी त्यांना म्हणते आधी वाक्य मोठ्याने वाच, जोर कुठे हवाय ते ठरव, तिथे च बसतो का बघ, शब्द पुढेमागे करून बघ. दहातल्या आठ वेळा बोल्ड काढून टाकावंसं त्यांनाच वाटतं.

देवनागरीला खालची रेघ मुळात सोसतच नाही. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ आहे आधीच, आणि खाली उकार, ऊकार, ऋकार, हलन्त, ट्र-ड्रचा र, हे सगळे लटकलेले. कुर्डुवाडी लिहून त्याखाली अंडरलाइन देऊन बघा, दोन्ही उकार रेघेत अडकतात आणि बारा पॉइंटला तर वाचताना पहिला की दुसरा ते डोळे बारीक करून बघावं लागतं. शुद्धलेखनात ह्रस्व-दीर्घासाठी मार्क कापणारे परीक्षक आणि नेमका तोच ह्रस्व-दीर्घ झाकणारी रेघ, हे मला पटत नाही. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचे, दोन शब्दांमधे जागासुद्धा सोडायचे नाहीत, त्यामुळे आपली रेघ ही अक्षरांना बांधून ठेवणारी आहे, वेगळं काढणारी नाही.

तिरक्याचंही तसंच. बऱ्याच मराठी फाँटांना स्वतःचं तिरकं अक्षर नसतं, मंगल घ्या, त्याला कंट्रोल आय दिलं की वर्ड नुसतं सरळ अक्षर एका बाजूला ढकलतं. काना कलतो, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, शिरोरेषा मात्र आडवी ती आडवीच. तिरकी जोडी स्वतंत्र काढलेले फाँट आता मिळतात, ते बरे दिसतात, पण मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला तिरक्याचा अर्थ शिकवलेलाच नाही कुणी. खिळ्यांच्या काळात मराठी जुळाऱ्याला आधीच जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागायचे, त्यात तिरक्यांचा अजून एक संच कोण ओतून घेणार. त्यामुळे मराठी पुस्तकांनी वेगळी वाट धरली, पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात, कुणाचे शब्द जसेच्या तसे दिले तर दुहेरी अवतरणात, आणि प्रकरणाचं नाव ठळक आणि मोठ्या टाईपात. शाळेत व्याकरणात विरामचिन्हं शिकवताना एकेरी अवतरण एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी असं शिकवलेलं असतं ते तेच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मधे घातलेले चार, असे अठरा, त्यात सगळा भर अनुस्वार, ह्रस्व-दीर्घ, काही शब्दांची रूपं ह्यावर आहे. तिरकं-ठळक-अधोरेखित ह्याबद्दल त्यात काही नाही, म्हणून मग गाईड तितक्या पद्धती होतात.

मी दुकानात मराठी प्रबंधाला एकच पद्धत लावते, मजकुरात पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात, लेखाचं किंवा कवितेचं नाव दुहेरीत, संदर्भसूचीत पुस्तकाचं नाव ठळक आणि तिथे अवतरण नाही. गाईडनी वेगळं सांगितलं तर वेगळं, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच. एका ठिकाणी अवतरण पण, बोल्ड पण, आणि खाली रेघ पण, असं तीन-तीन लावलेलं मला बघवत नाही, एक खूण पुरते.

आपण अधोरेखित हा शब्द बोलण्यात कसा वापरतो तेही बघा, "वक्त्यांनी पाण्याचा प्रश्न अधोरेखित केला". रेघ कुणीच मारलेली नसते. पण प्रबंधात मात्र दुसऱ्याचा उतारा देताना त्यातला एखादा शब्द तुम्ही ठळक केलात तर कंसात "ठळक टाईप माझा" किंवा "अधोरेखन माझे" हे लिहावंच लागतं. हे मी अगदी कडक पाळते. कारण मूळ लेखकाने त्या शब्दावर जोर दिलेला नसतो, तुम्ही दिलाय, आणि वाचणाऱ्याला ते कळलं नाही तर तुम्ही त्याच्या तोंडी तुमचा आवाज घातल्यासारखं होतं. एकदा एका मुलीने इतिहासाच्या प्रबंधात १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दलचा उतारा दिला होता आणि त्यातली दोन वाक्यं स्वतःच्या मनाने ठळक केली होती, मी तिला विचारलं हे मुळात आहे का, तर म्हणाली नाही ताई, मला महत्त्वाचं वाटलं. वाटू दे की, पण सांग तसं. तिने लिहिलं मग.

तिच्याच इंग्लिश सारांशात मार्शल लॉ सगळीकडे कॅपिटलने होता. इंग्लिशमधे मार्शल लॉ हा साधा कायद्याचा शब्द आहे, लहान अक्षरानेच येतो, सोलापूर हे नाव कॅपिटलने. इथून कॅपिटलचा विषय सुरू होतो आणि ह्यात आपली लोकं सगळ्यात जास्त अडकतात, का ते मला खूप वर्षांनी लक्षात आलं.

मराठीला कॅपिटल नाही. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा घराघरात बोलतात आणि चौघींनाही लहानमोठं अक्षर नाही. उर्दूत शायराच्या तखल्लुसवर एक छोटी खूण असते, की हा नेहमीचा शब्द नाही, हे कवीचं नाव आहे, ती मला फार आवडते, पण कॅपिटल म्हणून काही नाही. मग आपण इंग्लिश शिकतो तेव्हा कॅपिटल म्हणजे मान असं मनात बसतं. मराठीत आपण मान देतो तो मा., श्री., आपण, आलेत, म्हणालेत ह्यातून. इंग्लिश अर्ज लिहायला बसलं की तो मान द्यायला जागाच सापडत नाही, मग सर कॅपिटल, कॉलेज कॅपिटल, युवर कॅपिटल, प्रिन्सिपल कॅपिटल, डिपार्टमेंट कॅपिटल. मी त्या पोरांना कधीच हसले नाही, कारण त्यामागे अदब असते, पण इंग्लिशमधे कॅपिटलचं काम मान देण्याचं नाही. हे एकाच माणसाचं, एकाच जागेचं, एकाच संस्थेचं नाव आहे एवढंच ते सांगतं. कलेक्टर नुसता आला की लहान सी, पुढे लगेच नाव आलं की मोठा. युनिव्हर्सिटी नुसती असेल तर लहान, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असं पूर्ण नाव इंग्लिशमधे लिहिलं की त्यातली युनिव्हर्सिटी मोठ्या यूने. वार आणि महिने कॅपिटलने, ऋतू लहान. मराठी, कन्नड, इंग्लिश हे विषय कॅपिटलने कारण ती भाषांची नावं आहेत, पण फिजिक्स-केमिस्ट्री वाक्यात लहानच.

सगळंच कॅपिटलमधे, हे वेगळं. फॉर्मवर ब्लॉक लेटर्समधे भरा असं लिहिलेलं असतं, पॅनच्या फॉर्मवर बघा, ते एका चौकोनात एक अक्षर नीट वाचता यावं म्हणून, तिथे ठीक. पण प्रबंधात अख्खा परिच्छेद कॅपिटलमधे आणला की सगळ्या अक्षरांची उंची एक होते, डोळा कुठे टेकणार, आणि कुणीतरी ओरडून बोलतंय असंही वाटतं. "ताई, सगळं कॅपिटलमधे करा की, भारी दिसतंय" म्हणणारे अजून येतात. मी एक पान तसं आणि एक पान साधं प्रिंट काढून हातात देते.

कॅपिटलवरून अजून एक धोक्याची गोष्ट सांगायला पाहिजे, ज्यांच्याकडे अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात मराठी फाइली आहेत त्यांनी नीट वाचा. त्या फाँटात आतमधे इंग्लिश अक्षरंच असतात, नुसता वरचा चेहरा मराठी. लहान अक्षर एक मराठी अक्षर दाखवतं आणि तेच कॅपिटल केलं की दुसरंच. मागे एकाने अशी फाइल आणली, मराठी-इंग्लिश मिसळलेली, इंग्लिश मथळे मोठे करायला त्याने घरी सगळं सिलेक्ट करून शिफ्ट एफ थ्री दाबलं होतं आणि सेव्ह करून फाइल बंद केली होती. तीनशे पानांचं मराठी एका झटक्यात निरर्थक झालं. जुनी कॉपी नव्हती. आम्ही दोघांनी छापील कच्च्या प्रतीवरून अकरा दिवस बसून परत टाईप केलं. आणि वर्डमधे वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायचं जे सेटिंग असतं ते त्या फाँटात चालू राहिलं तर प्रत्येक वाक्याचं पहिलं मराठी अक्षर चुकतं, ते आधी बंद करा. युनिकोडमधे हा त्रास नाही, त्यामुळे जुन्या फाइली एकदा बदलून घ्याच.

आता परत इटॅलिककडे, कारण सायन्सवाल्यांना ते टाळताच येत नाही. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी लॅटिन नावं देण्याची जी पद्धत नीट बसवली तीच अजून चालते. पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), कॅपिटलने. दुसरा जातीचा (स्पीशीज), लहान अक्षराने, मग तो शब्द देशावरून आला असला तरी, आंबा म्हणजे मँगिफेरा इंडिका, त्यातल्या इंडिकाचा आय लहानच. दोन्ही तिरके. हाताने लिहिताना दोन शब्दांना दोन वेगळ्या रेघा. माळढोक आर्डिओटिस नायग्रिसेप्स, ज्वारी सोरघम बायकलर, डाळिंब प्युनिका ग्रॅनॅटम. एकदा पूर्ण लिहिलं की पुढे पहिल्या शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर आणि टिंब चालतं, तेही तिरकंच.

पण भगवा हे डाळिंबाच्या वाणाचं नाव, ते तिरकं नाही. ते सरळ, कॅपिटलने, एकेरी अवतरणात. कारण ते लॅटिन नाव नाही, माणसाने लागवडीसाठी निवडलेल्या वाणाला दिलेलं नाव आहे. आपल्याकडे केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे, त्यामुळे डाळिंबावरचे प्रबंध आणि पेपर दुकानात येतच असतात, आणि नव्वद टक्के वेळा भगवा तिरका करून आलेला असतो. तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंमुळे होणारा रोग, त्याचं तर अजून बारीक आहे. त्या जिवाणूचं नाव जुन्या पेपरांत झँथोमोनास ॲक्सोनोपोडिस पीव्ही. प्युनिसी असं येतं, त्यातलं पीव्ही. म्हणजे पॅथोवार, ठरावीक झाडाला रोग करणारा जिवाणूचा प्रकार, ते सरळ, त्याच्या अलीकडचे दोन शब्द आणि पलीकडचा प्युनिसी तिरके. एका नावात तिरकं, सरळ, परत तिरकं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते छळ वाटलं होतं. आता वाटतं किती काळजीने केलंय हे, सरळ अक्षर बघूनच कळतं की हा नावाचा भाग नाही, हा नुसता दर्जा सांगणारा शब्द आहे. एसपी. (एक जात) आणि एसपीपी. (अनेक जाती) पण ह्याच कारणाने सरळ.

आर्ट्सवाल्यांसाठी थोडक्यात. इंग्लिश प्रबंधात पुस्तक, मासिक, वर्तमानपत्र, सिनेमा ही नावं तिरकी, त्यांच्या आतला लेख, कविता, प्रकरण अवतरणात. गीता, कुराण, बायबल कॅपिटलने पण सरळ, फक्त एखादी विशिष्ट छापील आवृत्ती सांगत असाल तर तिचं नाव तिरकं. जहाजाचं नाव तिरकं पण पुढचं आयएनएस सरळ. खटल्याचं नाव, केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, मजकुरात तिरकं. मराठी शब्द इंग्लिशमधे वापरला तर पहिल्यांदा तिरका करून अर्थ द्यायचा आणि मग सरळ, हुरडा, माग, असे, पण साडी, गुरू, लाठी हे शब्द इंग्लिश डिक्शनरीत बसलेत, ते तिरके करायची गरज नाही. आणि माणसांची, गावांची, यात्रांची नावं कधीच तिरकी नाही! आपली सोलापूरची गड्डा यात्रा इंग्लिशमधे कॅपिटलने सरळ. हे सांगून सांगून माझा घसा बसतो, मराठी नाव दिसलं की पोरं तिरकं करतात, जणू सोलापूर हा इंग्लिशमधे परका शब्द आहे.

लग्नपत्रिका, बॅनर, वाढदिवसाचे फ्लेक्स ह्यांना ह्यातलं काही लागू नाही, तिथे हौस असते आणि ती असावी, मी स्वतः सोनेरी तिरकी अक्षरं आवडीने लावते.

सध्या टेबलवर तेल्यावरचाच एक थिसिस आहे. मुलगा सांगोल्याचा, घरची चार एकर डाळिंबाची बाग तेल्याने गेली म्हणून हाच विषय घेतला त्याने. गाईडनी कच्ची प्रत पेन्सिलीने तपासून दिलीय, रेघा तशाच बारीक, आणि ह्यावेळी प्रत्येक रेघ कशासाठी आहे ते मला कळतंय. काल रात्री तिसरं प्रकरण झालं. फोटोखालच्या ओळी राहिल्यात, त्यात सात ठिकाणी पीव्ही. तिरकं झालंय, उद्या तो सकाळच्या एसटीने यायच्या आत सरळ करून ठेवते.